माऊस हलवला की स्पीकर किरकिरतो: स्टुडिओ मॉनिटरमधून येणाऱ्या कॉम्प्युटरच्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ सरत आला की माझा फोन जास्त वाजू लागतो. चाकरमानी गावात यायच्या आधी आरत्या-भजनांचं रेकॉर्डिंग उरकायचं असतं. कुणी मुंबईहून नवे मॉनिटर (पडदा नव्हे, रेकॉर्डिंग ऐकायचे स्पीकर) आणून माळ्यावरच्या खोलीत मांडलेले असतात, आणि बुवांनी तोंड उघडायच्या आधी कॉम्प्युटरच गायला लागतो. कुडाळपासून चिपळूणपर्यंत अशा खोल्यांतून फिरताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहेत.

माऊस हलवलंय काय स्पीकरात किरकिर येता. कॉम्प्युटर बिघडलो काय?

नाही. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, फक्त तो काय करतोय ते तुम्हाला ऐकू येतंय. पडद्यावरचं चित्र हललं, पान सरकवलं, हार्ड डिस्क फिरली की आतले भाग झटक्याझटक्याने वीज ओढतात. त्या झटक्यांचा थोडा अंश कॉम्प्युटरच्या ग्राउंडवर, म्हणजे विजेच्या परतीच्या सामाईक वाटेवर उतरतो. तेवढ्यावर थांबला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला, मॉनिटरची तीन पिनांची वायरही त्याच अर्थिंगला जोडलेली, आणि या दोघांना जोडणारी तिसरी वाट म्हणजे ऑडिओ केबलची जाळी, आतल्या तारेभोवती विणलेली धातूची. झालं वर्तुळ पूर्ण.

माडा-पोफळीच्या बागेत शिपणं केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. एका अळ्याला दोन बाजूंनी पाट जोडले, तर पाणी तुम्हाला हवं त्याच पाटाने येत नाही, दोन्हीकडून येतं आणि येताना माती घेऊन येतं. केबलच्या जाळीतून असं नको असलेलं पाणी वाहू लागलं की मॉनिटर त्यालाही गाणं समजतो आणि मोठं करून वाजवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. मी पाहिलेल्या खोल्यांत दहापैकी सात-आठ वेळा गुन्हेगार हाच निघाला.

आवाजावरून कारण ओळखता येतं का?

बरंचसं. कान शाबूत असलेल्या पेटीवाल्याला तर माझ्यापेक्षा लवकर.

खालचा, गोल, अखंड 'घुंऽऽ' असेल तर तो विजेचा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणून हा आवाज ५० हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा आणि मॉनिटरजवळ कान न्या. आवाज पांढरी पाचच्या किंचित वर, थोडा बेसुरा लागला, तर तो विजेचाच. (परदेशी व्हिडिओत ६० हर्ट्झ म्हणतात, कारण अमेरिकेची वीज ६०ची. ते ऐकून आपल्याकडे ६० शोधत बसू नका.) तोच आवाज धारदार, माशी अडकल्यासारखा 'झँऽऽ' येत असेल, तर रेग्युलेटर, ट्यूब किंवा इन्व्हर्टरकडे पाहा.

माऊसबरोबर, पान सरकवण्याबरोबर किंवा व्हिडिओ सुरू केल्यावर बदलणारी चिरचिर कॉम्प्युटरची. न बदलणारी बारीक शिट्टी बहुतेक वेळा यूएसबीची. यूएसबीवर माहितीचे गठ्ठे ठरावीक तालात जातात, जुन्या वेगात सेकंदाला १००० आणि नव्या वेगात ८०००. म्हणून ती शिट्टी एक हजार किंवा आठ हजार हर्ट्झच्या आसपास सापडते. आठ हजारची शिट्टी साठीच्या बुवांना ऐकूच येत नाही, त्यांचा नातू मात्र कानावर हात ठेवून बसतो.

'टिट-टिटिट-टिट' असा तुटक आवाज आला की खिशातला साधा टू-जी फोन आधी बाहेर ठेवा. त्याचं प्रसारण सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत होतं आणि ते तुकडे केबलमध्ये शिरतात. फोर-जी फोनचा हा त्रास जवळजवळ नाहीच.

नुसती 'सूंऽऽ' अशी बारीक फुसफुस आणि अधूनमधून येणारी 'खर्रऽ' या दोघींबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

शोधायला सुरुवात कुठून करू?

काहीही विकत घेण्याआधी वायरी काढायला लागा. एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते कागदावर लिहा. मॉनिटरची केबल काढताना-घालताना त्याचा आवाज पूर्ण खाली करा, नाहीतर 'धाड्' करून ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, जायचा.

पहिली पायरी: मॉनिटर चालू ठेवून त्याच्या पाठीमागची ऑडिओ केबल काढा. आता मॉनिटरला फक्त विजेची वायर आहे. तरीही घरघर येत असेल तर कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे, दोष मॉनिटरच्या आतल्या भागात किंवा घरच्या विजेत आहे. तोच मॉनिटर शेजारच्या घरी नेऊन लावून पाहा.

आवाज थांबला असेल, तर केबल मॉनिटरला पुन्हा लावा आणि दुसरं टोक इंटरफेसमधून (माईक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारी यूएसबीची पेटी) काढून मोकळं सोडा. इथे किंचित घरघर येऊ शकते, कारण मोकळी केबल अँटेनासारखी वागते. पण ती माऊसची चिरचिर आता नसेल. नसली म्हणजे ती इंटरफेसच्या बाजूने येतेय, एवढं पक्कं झालं.

केबल परत लावा. आता लॅपटॉपचा चार्जर काढा. ही सगळ्यात बोलकी चाचणी. तीन पिनांचा चार्जर काढताक्षणी शांतता पसरली, तर ग्राउंड लूपवर शिक्कामोर्तब. डेस्कटॉपवाल्यांना ही सोय नाही, त्यांनी कुणाचा तरी लॅपटॉप तासभर मागून आणावा.

मग इंटरफेसला हेडफोन लावा आणि मॉनिटरच्या केबल काढून ठेवा. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि मॉनिटरमध्ये घाण, असा फरक दिसला तर दोष या दोघांच्या मधल्या जोडणीत. हेडफोनमध्येही तीच किरकिर असेल, तर ती इंटरफेसच्या आतच शिरतेय. तेव्हा यूएसबीची केबल, यूएसबीचं पोर्ट आणि हब बदलून पाहायचं.

शेवटी एक मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा, ती फाईल मोबाईलवर घ्या आणि इअरफोनने ऐका. मोबाईलवर किरकिर नसेल तर तुमचं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. हे आधी तपासलंत तर निम्मी चिंता जाते. एका मंडळाने किरकिरीपायी दोन दिवसांचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं. गाणी ठीक होती, किरकिर फक्त ऐकायच्या वाटेवर होती.

चार्जर काढला की आवाज बंद होतो. मग कायम बॅटरीवरच काम करू का?

आज रात्री बुवा बसलेलेच आहेत, तर खुशाल करा. उद्यासाठी मात्र पक्का उपाय हवा.

आधी फुकटातला. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि तो बोर्ड भिंतीतल्या एकाच तीन पिनांच्या सॉकेटवर. एक मॉनिटर खिडकीजवळच्या प्लगला आणि दुसरा दाराजवळच्या, अशी मांडणी आपल्याकडच्या जुन्या घरांत हमखास दिसते. दोन प्लगांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तरी तो केबलच्या जाळीतून वाहतो. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन छोटे मॉनिटर मिळून काही मोठा भार होत नाही, साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. फक्त त्याच बोर्डवर इस्त्री किंवा फ्रिज लावू नका.

एवढ्याने भागलं नाही तर बॅलन्स्ड केबल, आणि तीही पुरली नाही तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन्ही पुढे येतात.

दोन पिनांच्या चार्जरवाल्यांची तऱ्हा वेगळी. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ना? चार्जरच्या आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी बारीक प्रवाह गळतो, त्याची ती झिणझिण. लॅपटॉपला स्वतःचं अर्थिंग नसल्यामुळे हा प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून मॉनिटरच्या अर्थिंगकडे जातो आणि वाटेत 'झँऽऽ' करतो. हात लावल्यावर आवाजात फरक पडत असेल तर समजा हेच आहे. त्या कंपनीचा तीन पिनांचा चार्जर मिळत असेल तर तो लावून पाहा.

तीन पिनांतली मोठी पिन काढली तर आवाज जातो म्हणतात. काढू का?

काढू नका.

आवाज जातो, हे खरं आहे. वर्तुळ तुटतं म्हणून जातो. पण ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. मॉनिटरच्या आत एखादी वायर सुटून धातूच्या पत्र्याला लागली, तर तो प्रवाह जमिनीत नेऊन फ्यूज उडवण्याचं काम ती पिन करते. पिन नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर शांत बसून राहतो आणि तुमच्या हाताची वाट पाहतो. त्यात आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट: ओली लादी, ओले पाय, घामेजलेले हात, आणि समोर धातूच्या जाळीचा माईक ओठांना टेकलेला. पिन मोडलेला प्लग लावून भजन करणाऱ्या एका मंडळात पेटीवाल्याला माईकचा झटका बसला, तो दोन दिवस हात चोळत होता. नशीब, हातावर निभावलं.

एक्स्टेन्शनमधली हिरवी वायर कापणं किंवा तीनचा दोन करणारा अडॅप्टर लावणं, हीच गोष्ट वेगळ्या नावाने. वर्तुळ तोडायचंच आहे तर ते ऑडिओच्या वाटेवर तोडा, विजेच्या नाही. वाद्याची साधी केबल बॅलन्स्ड करून देणाऱ्या डबीवर, म्हणजे डीआय बॉक्सवर, 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण असतं, ते ऑडिओच्या जाळीपुरतं असतं, ते बिनधास्त दाबा. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारं स्विच) नसेल, तर मॉनिटरच्या आधी तिचे पैसे बाजूला काढा.

बॅलन्स्ड केबल म्हणजे नेमकं काय? माझ्याकडची चालेल का?

साध्या केबलमध्ये आवाज नेणारी एक तार आणि तिच्याभोवती जाळी. ही जाळीच परतीची वाटही असते, त्यामुळे जाळीतली घाण थेट गाण्यात मिसळते. बॅलन्स्ड केबलमध्ये आवाजासाठी दोन तारा असतात. एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा आवाज पाठवता येतो. वाटेत शिरलेली घाण मात्र दोन्हींवर सारखीच चढते. मॉनिटर या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. सारखं होतं ते वजा होऊन जातं, गाणं उरतं.

एक्सएलआरमध्ये, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या गोल जोडात, पहिली पिन जाळीची, दुसरी सुलटी, तिसरी उलटी. पाव इंची जॅकमध्ये टोक सुलटं, मधली कडी उलटी आणि मुळाशी जाळी. ओळखायची खूण सोपी: जॅकवर दोन काळ्या पट्ट्या असतील तर तो टीआरएस, एकच असेल तर टीएस. बाजारात 'स्टुडिओ केबल' म्हणून एक पट्टीवाली गिटारची केबल सर्रास विकतात, आणि लोक घेऊनही येतात. पट्ट्या मोजून पैसे द्या.

दोन्ही टोकांची यंत्रं बॅलन्स्ड असली तरच पूर्ण फायदा. इंटरफेसच्या पाठीमागे 'बॅलन्स्ड' किंवा 'टीआरएस' लिहिलेलं आहे का पाहा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छोट्या भोकातून काढलेला आवाज कधीच बॅलन्स्ड नसतो, तिथे दोन पट्ट्या डाव्या-उजव्या कानासाठी असतात. त्या भोकातून एका मॉनिटरच्या टीआरएसमध्ये सरळ केबल घातली, तर डावा-उजवा एकमेकांतून वजा होतात आणि मधला गाणाराच गायब होतो. 'बुवांचा आवाज गेला, झांज तेवढी ऐकू येते' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

मिक्सरला फक्त आरसीए (टीव्ही-डीव्हीडीला असतात तशी लाल-पांढरी भोकं) असेल तर घरी सोल्डरिंग करणाऱ्याने ही युक्ती करावी. दोन तारा आणि जाळी असलेली माईकची केबल घ्या. मॉनिटरच्या बाजूला एक तार दुसऱ्या पिनेला, दुसरी तिसऱ्या पिनेला, आणि जाळी कुठेच जोडू नका, कापून टेप लावा. आरसीएच्या बाजूला पहिली तार मधल्या टोकाला, दुसरी तार आणि जाळी दोन्ही बाहेरच्या कडीला. आरसीएची पातळी साधारण ०.३ व्होल्टची, स्टुडिओच्या जोडणीची सव्वा व्होल्टची, म्हणजे आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी मिळेल. मॉनिटरवर पातळीचं बटण असतं ते यासाठीच.

क्वचित एखादं यंत्र बॅलन्स्ड केबल लावूनही किरकिरतं. त्यात पहिली पिन पत्र्याला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते, आणि जाळीतली घाण बनवणाऱ्यानेच आत बोलावलेली असते. जाणकार याला 'पिन एकचा दोष' म्हणतात. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस-४८ या २००५ सालच्या मानकात जाळी यंत्राच्या पत्र्यालाच जोडावी असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी सगळेच ऐकतात असं नाही.

आमच्या गावात अर्थिंगच धड नाही. स्टुडिओसाठी वेगळा खड्डा मारू का?

मारू नका, निदान घरच्या अर्थिंगला न जोडता तरी नाहीच.

आपल्याकडची अडचण खरी आहे. वर जांभा, खाली कातळ. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असते तेव्हा अर्थिंग चांगलं लागतं, आणि एप्रिल-मे उजाडला की तोच खड्डा खडखडीत कोरडा पडतो. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं, हे जुने वायरमन सांगत आले आहेत आणि ते बरोबर आहे. पाण्याबरोबर मीठही विरघळून जातं, म्हणून दर काही वर्षांनी खड्डा पुन्हा भरावा लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही. सड्यावरच्या घरात खड्डा खणायलाच पहार लागते, मग तो दोन फुटांवर थांबतो आणि वर माती लोटली जाते. असा 'खड्डा' मी एकदा बोटांनी उकरून पाहिला आहे.

पण वेगळा खड्डा मारला की एका घरात दोन अर्थिंग होतात. दोघांमध्ये फरक राहतो, आणि त्यांना जोडणारी वाट पुन्हा तुमची ऑडिओ केबल किंवा तुम्ही स्वतः. आवाज वाढतो आणि धोकाही. नवा खड्डा हवाच असेल तर तो जुन्याला जाड पट्टीने जोडलेला हवा, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं.

वायरमन आलाच तर त्याला मीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट. हे तिसरं माप वीस-तीस व्होल्ट दाखवू लागलं तर प्रश्न तुमच्या स्टुडिओचा नाही, घराचा आहे. फेज-अर्थिंगमध्ये काहीच दाखवलं नाही, तर भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. चिऱ्याच्या जुन्या घरांत हे इतकं सर्रास आहे, की मी टेस्टर पिशवीतून काढल्याशिवाय पिशवीच खाली ठेवत नाही.

लाईट गेली काय इन्व्हर्टरवर घरघर सुरू होता. कित्याक?

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. खांबावरून येणारी वीज गोलाईने वरखाली होते. स्वस्त इन्व्हर्टर तिची नक्कल पायऱ्या-पायऱ्यांनी करतो, आणि त्या पायऱ्यांच्या कडांमधून ५०च्या तिप्पट, पाचपट, सातपट असे आवाज निघतात, १५०, २५०, ३५० हर्ट्झचे. पंख्याचीही तेव्हा वेगळी गुणगुण होते, कान देऊन ऐका. बॅलन्स्ड केबलने फरक पडतो, पण मॉनिटरच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरची गुरगुर तिने जात नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय. आपल्याकडे पावसात तासन् तास लाईट जाते, तेव्हा हा खर्च चैनीचा नाही. तोवर वीज गेल्यावर मॉनिटर बंद ठेवा आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर हेडफोनने काम उरका.

पंखा बंद केला की आवाज जातो. पण पंखा बंद करून मे महिन्यात बसायचं कसं?

पंखा फिरू द्या, रेग्युलेटर बदला. गोल फिरणाऱ्या गुळगुळीत बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो आणि ते कापणं मॉनिटरमध्ये ऐकू येतं. 'कट-कट' करत एक ते पाचवर जाणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर हा त्रास देत नाही. हातात पैसे नसतील तर पंखा पूर्ण वेगावर ठेवून पाहा, बरेचदा तेवढ्यानेही थांबतं. डिमर लावलेल्या दिव्यांनाही हेच लागू. गणपतीच्या मखराची लुकलुकणारी माळ त्याच बोर्डवर असेल तर तिला पहिली काढा.

यूएसबी आयसोलेटर घेऊ का?

घ्या, पण वेगाची चौकशी करून. लॅपटॉप आणि इंटरफेस यांच्यामधली विजेची जोडणी तोडून फक्त माहिती पलीकडे नेणारी ही डबी असते, आणि योग्य ठिकाणी लावली तर जादू वाटावी अशी शांतता होते. बाजारातल्या स्वस्त डब्यांत एडीयूएम-४१६० किंवा तिच्या जातीची चिप असते आणि तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच. आजचे बहुतेक इंटरफेस ४८०च्या वेगाचे. डबी लावली की ते एकतर ओळखलेच जात नाहीत किंवा अर्धवट चालतात. ४८०च्या वेगाच्या डब्या मिळतात, महाग पडतात. शिवाय यूएसबीवरच वीज घेणाऱ्या इंटरफेसला डबीमागून पुरेशी वीज मिळत नाही, त्याला वेगळा ॲडॅप्टर लागतो.

त्याआधी फुकटात होण्यासारखं: लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचं पोर्ट वापरून पाहा, हब काढून टाका, केबल आखूड घ्या, आणि यूएसबीची व विजेची केबल ऑडिओच्या केबलला बिलगून नेऊ नका. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर फुलीसारखं ओलांडू द्या.

इंटरफेस आणि मॉनिटर यांच्यामध्ये लावायचे छोटे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही मिळतात. लूप तोडण्यात ते चोख. पण फार स्वस्तातला घेतलात तर खालचे स्वर दबतात, पखवाजाची धुम पोकळ लागते. चांगल्या प्रतीचा घ्या किंवा घेऊच नका. इंटरफेसला आणि मॉनिटरला ऑप्टिकलचं भोक असेल, तर प्रश्नच मिटला. काचेतून किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही, लूप होणार कुठून?

जाड पॉवर केबल, फेराइटचा मणी, पॉवर कंडिशनर?

जाड केबलने आवाजात काही फरक पडत नाही, खिशात पडतो. केबलवर चढवायचा फेराइटचा मणी रेडिओसारख्या फार वरच्या लहरी अडवतो, ५० हर्ट्झच्या घरघरीला तो दिसतही नाही. कंडिशनर, म्हणजे वीज गाळून देणारी पेटी, हिने लूप तुटत नाही.

मध्येच 'खर्रऽ' होतं, केबल हलवली की थांबतं.

हा आपला समुद्र. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आतलं घर असेल, तर हवेतलं मीठ आणि पावसाळ्यातली दमट हवा जॅकवर चढतेच. तांब्या-पितळेवर हिरवट थर, लोखंडावर तांबूस. जॅक आणि भोक यांच्यात हा थर आला की जाळीची जोडणी लागते-सुटते, आणि जाळी सुटलेली केबल म्हणजे पुन्हा घरघर. मालवण-देवगडकडच्या खोल्यांत ग्राउंड लूपच्या नावाखाली मी किमान चार वेळा हा गंज काढून आलो आहे.

कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकवर मारा, जॅक भोकात दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, पुसा. मॉनिटर बंद असताना, अर्थात. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. नॉब फिरवताना खरखर आली तरी हाच उपाय. न वापरता ठेवलेल्या केबल बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि यंत्रं रोज थोडा वेळ चालू ठेवा. जूनपासून कुलूपबंद राहिलेला स्टुडिओ गणपतीला एकदम सुरू करणं म्हणजे दुखणं विकत घेणं आहे.

आवाज टिकटिक करत तुटतो, पण घरघर नाही.

मग वायरींना हात लावू नका, दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज वाजवण्याआधी जमवून ठेवतो तो साठा, वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे दीड मिलिसेकंद, २५६चा जवळपास सहा, १०२४चा तेवीस. गाताना २५६, मिक्सिंगला १०२४ ठेवला तरी चालतो. वाय-फाय बंद करून पाहा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसशी थेट बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) घाला. सॅम्पल रेट एका ठिकाणी ४४.१ आणि दुसऱ्या ठिकाणी ४८ किलोहर्ट्झ निवडलेला नाही ना, तेही तपासा. नियमित अंतराने येणाऱ्या टिकटिकीमागे बरेचदा हेच निघतं.

ट्वीटरला कान लावला की सूंऽऽ येतं. परत करू का?

कान काढा. ॲम्प्लिफायर आतच असलेल्या मॉनिटरला थोडी फुसफुस असतेच, बसायच्या जागेवरून ती ऐकू येत नसेल तर विसरून जा. बसल्या जागी येत असेल तर इंटरफेसचा आवाज वाढवा आणि मॉनिटरच्या पाठचं बटण खाली आणा. बहुतेकांचं उलटं असतं: मॉनिटर पूर्ण उघडा, इंटरफेस एक-दशांशावर.

डेस्कटॉपच्या हिरव्या भोकातूनच आवाज घेतो. काही होईल?

थोडं. पुढचं भोक सोडून मागचं वापरा, कारण पुढच्या भोकाची बारीक वायर कॅबिनेटच्या आतून ग्राफिक्स कार्डाला वळसा घालून येते. विंडोजमध्ये न वापरलेले इनपुट म्यूट करा, माईक बूस्ट शून्यावर आणा. तरी बाहेरचा साधासा इंटरफेस घेणंच शहाणपणाचं. आणि मॉनिटर बंद केल्यावरही चिरचिर येतच असेल, तर ती स्पीकरमधून नाही, कॉम्प्युटरच्या आतल्या कॉइलमधून थेट हवेत येतेय. तिच्यावर ऑडिओ केबलचा उपाय नाही.

वीज कडाडत असताना काय?

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात आकाश काळं झालं की प्लग भिंतीतून उपटा. बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर आणि डिशची वायरही काढा.

सगळं करून पाहिलं, तरी जात नाही.

मग फोन करताना तो कागद हातात ठेवा: कोणती वायर काढली आणि काय झालं. 'खूप आवाज येता हो' एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.

आणि कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वायर मोजा, ऑडिओची नसलेलीसुद्धा. गुहागरकडच्या एका घरात मी तीन तास घालवले. केबल बॅलन्स्ड, बोर्ड एक, चार्जर काढलेला, तरी घरघर. शेवटी टेबलाखाली वाकलो तर एक एचडीएमआय केबल भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत गेलेली. पलीकडे टीव्ही, टीव्हीला डिशची वायर, आणि डिश कौलांवर लोखंडी खांबाला आवळलेली, खांब थेट जमिनीत रोवलेला. अख्ख्या घराचं दुसरं अर्थिंग तिथून आत येत होतं. एचडीएमआय उपटली आणि मॉनिटर गप्प झाले. एवढ्यात पलीकडून आजींचा आवाज आला, "अरे, टीव्हीत काय केलंस? काहीच दिसत नाही!" टीव्हीवर कॉम्प्युटरमधूनच मालिका लावून दिलेली होती. केबल परत लावून, मालिका संपेपर्यंत चहा पीत बसलो.